फौजदाराची फटफटी

मोटारसायकल या वस्तूला मराठी माणसाने फार लवकर नाव दिले. परिभाषा घडवणाऱ्या मंडळांची वाट पाहण्याइतका त्याला धीर नव्हता. त्याने आवाज ऐकला आणि तो ‘फटफटी’ म्हणून मोकळा झाला. पुढे या फटफटीचेही त्याने मनातल्या मनात दोन वर्ग केले. एक साधी फटफटी आणि दुसरी ‘मोठी गाडी’. मोठी म्हणजे किती मोठी, असे खेड्यात कोणाला विचाराल तर इंजिनाच्या मापाचा आकडा कोणी सांगणार नाही. मोठी गाडी म्हणजे बुलेट, आणि बुलेट म्हणजे जिच्यावर फौजदार बसतो ती.

गंमत अशी की, ज्या इंग्लंडात ही गाडी जन्मली तेथे तिला कोणी मोठी म्हणत नसे. तिचे इंजिन ३४६ सी.सी.चे, बोलण्यात साडेतीनशेचे. तेथे मोठ्या गाड्या म्हणजे पाचशेच्या, साडेसहाशेच्या, दोन सिलिंडरच्या. ट्रायम्फ, नॉर्टन, बी.एस.ए. ही त्या घराण्यांची नावे. साडेतीनशेची गाडी तेथे बेताच्या मिळकतीच्या माणसाची. सकाळी तिच्यावरून कामाला जावे आणि सुटीच्या दिवशी बायकोला मागे बसवून गावाबाहेर हिंडून यावे. हीच गाडी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि एकदम मोठी झाली. ती कशी झाली, एवढेच मला सांगावयाचे आहे. त्यात माझ्या घरचाही थोडा इतिहास आहे. तो ओघाने येईल.

बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला रेडिच नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात ते सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होते. आपल्या पणज्यांनी ज्या सुयांनी गोधड्या शिवल्या त्यांतल्या काही रेडिचच्या असतील, तर मला नवल वाटणार नाही. १८५१ साली जॉर्ज टाउनसेंड या गृहस्थाने या गावाजवळ सुयांचाच कारखाना काढला. पुढे तेथे सायकलींचे भाग होऊ लागले, मग सायकली. धंदा मोडकळीस आल्यावर तो अल्बर्ट एडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ या दोघांच्या हाती गेला आणि त्यांना एनफील्ड येथील सरकारी बंदूक-कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचे काम मिळाले. त्या कामाच्या अभिमानाने त्यांनी आपल्या सायकलीला ‘रॉयल एनफील्ड’ हे नाव दिले, तोफेचे चिन्ह घेतले आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ हे ब्रीदही घेतले. १९०१ साली त्यांची पहिली मोटारसायकल निघाली. ‘बुलेट’ हे नाव आले १९३२ साली. तोफ आणि बंदूक झाल्यावर गोळी येणे क्रमप्राप्तच होते.

एनफील्ड हा शब्द भारतीयांच्या कानाला तोवर नवा नव्हता. १८५७ साली ज्या काडतुसांवरून छावण्या पेटल्या ती एनफील्ड रायफलीची काडतुसे. त्याच गावाचे नाव कपाळावर लावलेली गाडी शंभर वर्षांच्या आतच हिंदी फौजेने आपण होऊन मागवावी आणि शिपायांनी तिच्यावर जीव टाकावा, याला काय म्हणावे? इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे आम्हां मास्तरांना शिकवावे लागते; पण ते पूर्ण खरे नाही.

आज आपण जिला बुलेट म्हणतो ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. १९४८ साली तिचे नमुने इंग्लंडातल्या शर्यतींत उतरले. त्या काळच्या बहुतेक मोटारसायकलींचे मागचे चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असे आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा स्वाराच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचे. बुलेटचे मागचे चाक मात्र खालीवर झुलणाऱ्या दांड्यांवर आणि स्प्रिंगांवर बसवलेले होते. हे चाक जोराच्या रपेटीत टिकणार नाही, असे जाणत्यांनी नाक मुरडले. त्याच वर्षी इटलीत सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय कसोटी झाली. तीत दोन बुलेटस्वारांनी सुवर्णपदके मिळवली आणि १९४९ पासून गाडी बाजारात आली.

खड्ड्यांना न भिणारी गाडी! हिंदुस्थानात तिला स्थळ मिळण्यास एवढी पत्रिका पुरे होती. मद्रास मोटर्स या पेढीने १९४९ पासून ती येथे आणावयास सुरुवात केली. १९५२ साली भारतीय लष्कराने या पेढीकडे साडेतीनशेच्या आठशे बुलेटची मागणी नोंदवली आणि १९५३ च्या आरंभी त्या जहाजाने आल्या. सीमेवरची गस्त, निरोप पोचवणे, वाहनांच्या तांड्यापुढे धावणे अशी कामे त्यांच्याकडे गेली. गाडी लष्कराला मानवली. तेव्हा रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांनी १९५५ साली ‘एनफील्ड इंडिया’ स्थापन केली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे कारखाना बांधावयास घेतला. प्रथम इंग्लंडातून सुटे भाग पेट्यांतून येत आणि येथे जोडले जात. १९५६ सालाच्या अखेरीपर्यंत अशा १६३ गाड्या तयार झाल्या. हळूहळू साचे आणि हत्यारेही आली आणि गाडी सगळीच येथली झाली. टाकीवरच्या सोनेरी रेषा मात्र यंत्राने नव्हे, माणसाने हातात कुंचला धरून, श्वास रोखून ओढावयाच्या, हा शिरस्ता तेथे पडला आणि पुढे कित्येक दशके टिकला.

यानंतर जे घडले ते मला या सगळ्या कथेतले सर्वांत विलक्षण वाटते. मुळाचे झाड वाळले आणि कलम जगले. इंग्लंडातली मोटारसायकलींची घराणी एकामागून एक बसत गेली. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला. उरलेसुरले काम ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हनजवळ एका जुन्या दगडखाणीत युद्धकाळी थाटलेल्या कारखान्यात चाले, तेही १९७० साली थांबले. मद्रासला मात्र १९५५ ची गाडी तशीच निघत राहिली. तेच इंजिन, तेच दिव्याचे बोंडुक, त्याच्या दोन बाजूंना वाघाच्या डोळ्यांसारखे तेच दोन छोटे दिवे. याला निष्ठा म्हणावे असे काही लेखकांना वाटते. मला तसे वाटत नाही. नवी गाडी घडवावयास पैसा नव्हता, बाहेरून आणावयास परवाना नव्हता आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जावयास जागा नव्हती. नाइलाज पुरेसा लांबला की त्याला परंपरेचे रूप येते. पण या नाइलाजाचे फळ गोड निघाले, हेही कबूल केले पाहिजे. १९७७ साली हीच मद्रासची बुलेट इंग्लंडात विकावयास गेली. ज्या देशाने तिला टाकले तेथल्या म्हाताऱ्या हौशी लोकांना आपले तारुण्य कोरे करकरीत, खोक्यात बांधून परत मिळाले.

आपल्याकडे ती मोठी का झाली, ते आता सांगण्यासारखे आहे. तिच्या शेजारी होते कोण? म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागली, ती अडीचशेची. १९६२ पासून राजदूत आली, ती पावणेदोनशेची. बाकी स्कूटरी, आणि त्यांच्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारे जावई. जावा आणि राजदूत या दोन-स्ट्रोकच्या गाड्या; त्यांचा आवाज चुरचुरीत, घाईचा. बुलेट चार-स्ट्रोकची आणि एका सिलिंडरची. तिच्या दट्ट्याची वाट लांब, ९० मिलिमीटर. सिलिंडरची रुंदी मात्र ७० मिलिमीटर. आत चांगले जडशीळ फ्लायव्हील. दर दोन फेऱ्यांनी एक स्फोट. त्यामुळे गाडी उभी असताना तिचे ठोके वेगवेगळे ऐकू येतात. दोन ठोक्यांमध्ये जागा राहते. त्या जागेनेच माणसे भारली. हा आवाज सावकाश बोलणाऱ्या माणसाचा आहे, आणि आपल्याकडे सावकाश बोलण्याचा हक्क ज्याच्या हाती सत्ता आहे त्यालाच असतो.

आणि खरोखरच, तिच्यावर बसत कोण? लष्कर, पोलीस, तालुक्याचा डॉक्टर, साखर कारखान्याचा संचालक, ऊस गेलेला बागाईतदार. २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात एका गाडीवर मनोरे रचून जाणारे जवानही बुलेटवरच. खेड्यात आवाज आधी येई आणि माणूस मागून. वळणापलीकडे ठोके ऐकू आले की चावडीवरची माणसे विड्या विझवीत, कोणी पटका सारखा करी, पत्त्यांचा डाव सतरंजीखाली जाई. पुढे कोण येतो आहे हे पाहण्याआधीच गाव उभे राहिलेले असे. राजस्थानात पाली जिल्ह्यात तर एका बुलेटचे देऊळच आहे आणि वाटसरू तेथे थांबून नमस्कार करतात. आम्ही देऊळ बांधले नाही. पण उठून उभे राहत होतो, हे खरे.

आमच्या घरात ही गाडी आली ती माझ्या मामांमुळे. मामा महार रेजिमेंटमध्ये होते. ही पलटण १९४१ साली उभी राहिली आणि आमच्या वाई तालुक्यातल्या गावाने तिला पहिल्यापासून माणसे दिली. मामा तेथे डिस्पॅच रायडर. म्हणजे मोटारसायकलीवरून लखोटे पोचवणारा शिपाई. सोळा-सतरा वर्षे त्यांनी सरकारी बुलेट चालवली आणि नाईक होऊन १९९१ साली ते घरी आले. लोक पेन्शनीच्या पैशात म्हैस घेतात. मामांनी दोन वर्षे पैसे साठवून एका लिलावातून पोलिसांची जुनी बुलेट घेतली. महिनाभर अंगणात तिचा प्रत्येक नटबोल्ट रॉकेलच्या परातीत पडलेला होता. गाडी काळी झाली. टाकीवरच्या सोनेरी रेषा ट्रकवर सुविचार लिहिणाऱ्या पेंटरने मारल्या. मद्रासच्या कारागिरापेक्षा त्याचा हात किंचित कापरा होता, इतकेच.

आमच्या वस्तीतून मोटाररस्त्याला लागावयाचे तर गावातला मोठा वाडा ओलांडावा लागतो. माझे आजोबा त्या वाड्यापुढून जाताना पायांतल्या वहाणा काढून हातांत घेत. आईने ते लहानपणी पाहिले होते. मामांच्या वेळी वहाणा हातात घेण्याचे दिवस गेले होते. पण सायकलवरून उतरून चार पावले पायी जाणारे आमच्यातले एकदोन वृद्ध तेव्हाही होते. म्हणून मामा पहिल्यांदा गाडी काढणार त्या दिवशी घरात कोणी फारसे बोलत नव्हते. आजी तर म्हणाली, “पल्याडच्या पांदीनं जा की रं. गाडी काय, तिथनं बी जाईल.”

मामा पांदीने गेले नाहीत. मी मागे बसलो होतो, वय तेरा. वाडा जवळ आला तसे मला वाटले की ते आता जोरात गाडी पळवणार. त्यांनी पळवली नाही. थांबवलीही नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, बैल चालावा त्या चालीने, त्यांनी ती वाड्यापुढून नेली. ठोका वाढला नाही, कमी झाला नाही. ओट्यावर वाड्यातले थोरले बसले होते. ते आवाजाबरोबर, सवयीने, अर्धवट उठले होते. फौजदार नव्हे, मामा आहेत, हे दिसल्यावर त्यांना पुन्हा बसावे की उभे राहावे ते कळेना. तसेच अर्धे वाकलेले राहून ते म्हणाले, “लिटरला किती जाती रं?”

“तीस जाती, तात्या,” मामा म्हणाले, आणि आम्ही पुढे गेलो.

एवढेच घडले. त्यावर घरी कोणी भाषण केले नाही. आजीने त्या रात्री मामांच्या ताटात दोनदा तूप वाढले.

मी स्वतः ती गाडी चालवली १९९८ च्या दिवाळीत. परवाना नुकताच मिळाला होता. बुलेट चालवणे पुढचे. आधी ती चालू करणे ही एक स्वतंत्र विद्या होती. ज्यांनी नुसते बटण दाबले आहे त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. दिव्याच्या बोंडुकावर विजेचा प्रवाह दाखवणारा एक छोटा काटा असे, अ‍ॅमीटर. किल्ली फिरवून किक पायाने सावकाश खाली न्यावयाची. दट्ट्या वर येऊन हवा दाबली गेली की पायाखाली दगड आल्यासारखे लागते. काटा मध्यावर आला की थांबावयाचे. मग डाव्या हाताशी एक लहानसा खटका असतो तो ओढावयाचा. कोंडलेली हवा सुस्कारा टाकून निघून जाते. किक आणखी इंचभर दाबावयाची, खटका सोडावयाचा, किक वर येऊ द्यावयाची, आणि मग एकदाच, सगळे अंग टाकून, खाली जावयाचे. हा क्रम सोडून जो नुसती लाथ मारी त्याला गाडी उलटी लाथ मारी. बुलेटवाल्यांच्या पिढ्यांमध्ये लंगडत चालणाऱ्यांची संख्या म्हणूनच लक्षणीय असे.

“लाथ मारायची न्हाई,” मामा म्हणाले. “वजन टाकायचं. काटा बघ. मधी आला? आता घाई करू नगंस. ती तयार झाली की सांगती.”

तिसऱ्या खेपेला ती बोलली. तळपायापासून दातांपर्यंत काहीतरी शिरले. मी ज्या सायकली आणि लुना चालवल्या होत्या त्यांचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता. गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गिअर वर, पुढचे तिन्ही खाली. आणि उजव्या टाचेशी एक आखूड पट्टी. ती दाबली की चौथ्यातून, तिसऱ्यातून, दुसऱ्यातूनही गाडी सरळ न्यूट्रलमध्ये येई. एवढ्या दांडग्या यंत्रात ही एक मायेची सोय कोणी केली असेल त्याला मी आजही दुवा देतो.

वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीस गेलो. मामा मागे. खांद्यावर त्यांचा हात होता. तो दाबला म्हणजे गिअर, टेकला म्हणजे ठीक. पावसाळा सरून उतारांवरचा तेरडा संपत आला होता आणि खाली धोमचे पाणी काठोकाठ होते. मला जास्त आठवते ते पाणी नव्हे, आवाज. घाटात एका बाजूला कातलेला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी. डोंगर जवळ आला की ठोके खडकावर आपटून अंगावर परत येत. वळण घेऊन दरीच्या अंगाला गेलो की तेच ठोके एकदम हलके होऊन खाली सांडत. वळणागणिक गाडी बंद दारात आणि उघड्या अंगणात जाऊन येत होती. चढ तीव्र झाला तरी ती धापा टाकत नव्हती. फ्लायव्हीलचे वजन तिला ओढत नेई. वेग तीसचा असेल, पस्तिसाचा असेल. जन्मात इतक्या हळू जाऊन मी इतका कधी पोचलेलो नाही.

परतताना मीच वाड्यापुढून गाडी आणली. मामांनी खांदा दाबला नाही, नुसता हात ठेवला. मी दुसरा गिअर टाकला आणि बैलाच्या चालीने गेलो. ओट्यावर शाळकरी पोरे अभ्यास करत बसली होती. त्यांनी मान वर केली, गाडी पाहिली आणि पुन्हा पुस्तकात घातली. कोणी उठले नाही.

त्या सुमारास बुलेटचे दिवस भरत आले आहेत असे शहाणे लोक म्हणत. १९८४-८५ पासून जपानी सहकार्याने बनलेल्या शंभर सी.सी.च्या गाड्या आल्या होत्या. त्या हलक्या, काटकसरी, एका किकेत चालू होणाऱ्या, आणि अंगणात तेलाचा थेंब न सांडणाऱ्या. कारकून, शिक्षक, दूधवाला, सगळे तिकडे गेले. ते योग्यच होते. मीही पगारावर घेतली ती तसलीच. १९९४ साली मद्रासची कंपनी आयशर समूहात गेली. २००० साली हा धंदा मोडावा की ठेवावा यावर तेथे विचार चालला होता. सिद्धार्थ लाल या तरुण वारसाने तो मागून घेतला. मग जुन्या बिडाच्या इंजिनाच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे इंजिन आले, गिअर डाव्या पायाकडे गेला, अ‍ॅमीटरचा काटा आणि हवा सोडण्याचा खटका नाहीसे झाले, बटण आले. गाड्या हजारांनी नव्हे, लाखांनी खपू लागल्या. आज बुलेट कोणीही हप्त्यावर घेतो. नव्या गाडीचा आवाज बेताचा असतो म्हणून पोरे सायलेन्सर बदलून ती मुद्दाम फोडून घेतात, आणि पोलीस ते सायलेन्सर जप्त करून भररस्त्यात रोडरोलरखाली चिरडतात. ज्यांच्या गाडीच्या आवाजाने गाव उठून उभे राही त्यांनाच आता तो आवाज बुजवण्याचे काम लागले आहे! त्या पोरांचा मला राग येतो. पण तो आवाज आपल्याही ढुंगणाखाली असावा असे त्यांना का वाटते, ते मला चांगले कळते.

मामा २०१९ साली गेले. गाडी मामेबहिणीकडे आहे. ती आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि वाड्यावस्त्यांवर लस घेऊन जाते. नोकरीची स्कूटर तिच्याकडे आहे. पण पावसाळ्यात ओढ्याच्या पलीकडे जावयाचे असले की ती बुलेट काढते. पंधरा वर्षांपलीकडच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. गेल्या खेपेला ती स्वतःच गाडी घेऊन गेली. तपासणीला एक तरुण अधिकारी होता. त्याने कागद पाहिले, चौकटीवरचा क्रमांक पाहिला आणि हौसेने म्हणाला, “ताई, जरा एक चक्कर मारून बघू का?” तिने काटा मध्यावर आणून गाडी चालू करून दिली. तो बसला आणि सवयीने डाव्या पायाने गिअर शोधू लागला. तेथे ब्रेक होता. मग त्याने खाली वाकून पाहिले, उजवीकडे पाहिले, आणि बाजूला सरकून तिलाच पुढे बसावयास सांगितले. तो मागे बसला आणि आवाराला दोन फेऱ्या मारून आल्यावर त्याने शिक्का मारला.